फौजदार पोस्टमनला का चावला

"साहेब, फौजदार पोस्टमनला चावला."

आमच्या दवाखान्याचे ड्रेसर हरीभाऊ सायकल भिंतीला टेकवत सांगत होते. मी त्या वेळी एका म्हशीच्या मागे उभा होतो. माझा डावा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता. ती गाभण आहे की नाही, ते चाचपून बघत होतो. अशा अवस्थेत माणसाचं डोकं फारसं चालत नाही. मी विचारलं, "कुठल्या पोलीस स्टेशनचा फौजदार?"

"पोलीस नाय, साहेब. कुत्रा हाय. यमुनाबायचा कुत्रा. त्याचा नाव फौजदार."

म्हशीचा मालक एवढ्यानं हसला की म्हैस हलली आणि मला पुन्हा पहिल्यापासून चाचपावं लागलं.

१९९६ सालचा जानेवारी होता. मी मुरबाड तालुक्यातल्या एका सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. नोकरीला चार वर्षं झाली होती. आमच्याकडे यायच्या त्या गाई, म्हशी, बैल आणि शेळ्या. कधी कोंबड्यांची साथ. कुत्रा घेऊन दवाखान्यात यायची त्या भागात पद्धतच नव्हती. कुत्रा आजारी पडला तर दोन दिवस कुठंतरी जाऊन पडायचा. बरा झाला तर परत यायचा, नाहीतर नाही.

मला ही पद्धत मनातून पसंत होती. कारण मला कुत्र्यांची भीती वाटायची.

नोकरीत असेपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नाही. मारका बैल आला तर मी वेसण धरून उभा राहायचो, लोक कौतुकानं बघायचे. पण कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना मला एक कुत्रं चावलं होतं. ते अल्सेशियन वगैरे असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. ते पॉमेरेनियन होतं. वजन चार किलो, गळ्यात गुलाबी रिबन. तेव्हापासून कुत्रं दिसलं की माझे हात आपोआप खिशात जायचे.

तर त्या दिवशी मोटारसायकलवर हरीभाऊंना मागे बसवून मी निघालो. यमुनाबाईंचं घर वैशाखरे गावाच्या अलीकडे एका वाडीत, माळशेज घाटाच्या रस्त्याला लागून होतं. यमुनाबाई साठीच्या पुढच्या. नवरा वारलेला, मुलगा मुरबाडला कारखान्यात पाळीवर, घरात सून. भाताची शेती, दोन बैल, एक गाय आणि हा कुत्रा.

ओट्यावर पोस्टमन बसले होते. भोईर त्यांचं नाव. मनगटाला हळद लावून फडकं गुंडाळलेलं. मी पहिल्यांदा हळद धुवायला लावली. साबण आणि वाहतं पाणी, चांगली पंधरा मिनिटं. मग सांगितलं, लगेच सरकारी दवाखान्यात जा आणि इंजेक्शनं सुरू करा. तेव्हा कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक. भोईरांनी पोटावर हात ठेवला.

"चौदाच्या चौदा?"

"दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवतो. दहा दिवसांनी तो ठणठणीत असला तर तुमची पुढची थांबवता येतील."

हा नियम तुम्हालाही माहीत असलेला बरा. चावताना कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतील, तर दहा दिवसांत तो कुत्रा आजाराची लक्षणं दाखवतो आणि मरतो. दहा दिवस जगला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हते. यालाच आम्ही ऑब्झर्व्हेशन म्हणतो. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. पुढे चुकायला सुरुवात झाली.

"झालं कसं?" मी भोईरांना विचारलं.

"काय नाय हो. मी रोज येतो. हा रोज शेपटी हलवतो. आज पाठमोरा पडला होता. मी वाकलो नि ढुंगणावर एक थाप मारली, काय फौजदारसाहेब करून. तसा फिरला नि हात धरला."

"आधी कधी असं केलं होतं?"

"कधीच नाय."

यमुनाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हल्ली चिडतो तो, डॉक्टर. कोण मागशी आला का गुरगुरतो. दिवाळीपासून असाच हाय."

मी डायरीत लिहिलं : स्वभावात बदल. आणि त्याखाली रेघ ओढली. पुस्तकात रेबीजच्या लक्षणांमध्ये हे लक्षण पहिलं असतं. ते पाठ होतं म्हणून मला फार बरं वाटलं. दिवाळीपासून म्हणजे अडीच महिने, आणि रेबीज झालेला कुत्रा अडीच महिने चिडचिड करायला शिल्लक राहत नाही, एवढा साधा हिशेब मला त्या वेळी सुचला नाही.

कुत्रा अंगणाच्या कडेला पडला होता. तांबडा, रुंद छातीचा गावठी कुत्रा. अकरा-बारा वर्षांचा. तोंड पांढरं झालेलं, पोट चांगलं सुटलेलं. पिल्लू असताना येणाऱ्या प्रत्येक माणसाला अडवून चौकशी करायचा, म्हणून नाव फौजदार. त्याची आणि माझी नजरानजर झाली. मी दहा फुटांवर उभा होतो. मी तिथूनच त्याची तपासणी केली.

"साखळीनं बांधून ठेवा," मी फर्मान सोडलं. "गोठ्यात. कुणी जवळ जायचं नाही. खाणंपाणी लांबूनच."

यमुनाबाई म्हणाल्या, "त्याला बांधायची सवय नाय."

"नियम आहे, मावशी."

नियम होताच. पण साखळी तीन फुटांचीच असावी आणि गोठ्याच्या दगडी फरशीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, ऐन जानेवारीत बांधावं, असं नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं. ती माझी भर होती.

पुढे आठवडाभर मी जवळजवळ रोज जायचो. गोठ्याची भिंत म्हणजे कारवीच्या काटक्यांचा कूड होता. शेणामातीचा गिलावा एका ठिकाणी पडला होता, तिथून डोळा लावला की आतला फौजदार दिसायचा. मी कुडाच्या बाहेर उभा राहून ऑब्झर्व्हेशन करायचो. हरीभाऊ दारातून भाकरी टाकायचे. मी डायरीत लिहायचो. तिसरा दिवस : भूक चांगली. पाणी पितो. चौथा दिवस : भूक चांगली. उठायला वेळ लावतो. पाचवा दिवस : भूक चांगली. सुस्त.

मधल्या काळात बातमी रस्त्यानं वर-खाली पसरली. यमुनाबाईचा कुत्रा पिसाळला. शाळेत जाणारी मुलं लांबच्या बांधावरून जायला लागली. गावचे एक मेंबर होते, बाळारामदादा. मोठ्या आवाजाचे, पण माणूस वाईट नव्हता. ते मला रस्त्यातच अडवून म्हणाले, "डॉक्टर, कशाची वाट बघताय? कोणाच्या पोराला चावल्यावर मारणार का?"

"दहा दिवस पूर्ण होऊ द्या, दादा."

"दहा दिवस कोण बघतो? आमी ठाण्याला तुमच्या साहेबाला फोन करतो."

त्यांनी खरंच केला. दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांचा फोन आला. दवाखान्यात फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात यायचा आणि सगळं दुकान ऐकायचं.

"डॉक्टर, ते कुत्रं जिवंत का आहे अजून?"

"सर, ऑब्झर्व्हेशनमध्ये आहे."

"लक्षणं काय आहेत?"

"स्वभावात बदल, सर. सुस्ती."

"एवढं पुरे नाही का?"

मी म्हणालो, दोन दिवस द्या. हे मी धीट होतो म्हणून म्हणालो नाही. कुत्र्याला इंजेक्शन द्यायचं तर त्याच्या जवळ जावं लागतं, हे मला दिसत होतं म्हणून म्हणालो.

आठव्या दिवशी सकाळी मी कुडाला डोळा लावला. फौजदार उठायचा प्रयत्न करत होता. पुढचे पाय टेकले, छाती वर आली, पण मागचं धड खालीच राहिलं. दोनदा त्यानं जोर केला. मग मागचे पाय ओढत तो भाकरीपर्यंत गेला.

रेबीजचा एक प्रकार असतो, त्यात कुत्रा चावत सुटत नाही. त्याचं अंग लुळं पडत जातं. पुष्कळदा मागच्या पायांपासून सुरुवात होते. मग जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. मला पुस्तकातलं ते पान आकृतीसकट दिसायला लागलं. मी डायरीत लिहिलं : मागचे पाय लुळे. आणि त्याच्याच खाली, माझ्याच अक्षरात : भूक चांगली. पूर्ण भाकरी चावून खाल्ली. ज्याला गिळता येत नाही तो भाकरी कशी खाईल, हा प्रश्न दोन ओळींच्या मधे उभा होता. मी डायरी बंद केली.

किराणा दुकानातून मी ठाण्याला फोन लावला.

"लकवा आलाय ना? मग संपलं," वरिष्ठ म्हणाले. "उद्या निकाल लावा. आणि सँपल पाठवा."

सँपल म्हणजे काय, ते सांगतो. रेबीज होता की नव्हता, हे खात्रीनं कळायला कुत्र्याचा मेंदू तपासावा लागतो. त्यासाठी कुत्र्याचं डोकं बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवतात. म्हणून नवव्या दिवशी मी निघालो तेव्हा माझ्या बॅगेत झोपवायचं इंजेक्शन होतं आणि हरीभाऊंच्या मांडीवर लस ठेवायचा बर्फाचा डबा होता.

बाळारामदादा आणि आणखी चार-पाच जण रस्त्याच्या पलीकडे उभे होते. यमुनाबाई ओट्यावर पाटावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं आणि मग हरीभाऊंच्या हातातल्या डब्याकडे.

"डबा कशाला आणला?"

हरीभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"मावशी, वरून ऑर्डर आहे," मी म्हणालो. "त्याचे मागचे पाय गेलेत. हा आजार बरा होत नाही. त्याला त्रास होणार नाही असं करतो."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, नऊ दिस झाले तुमी येताय. तुमी त्याला हात लावला का एकदा तरी?"

मी बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"म्हशीला हात लावता, बैलाला लावता. कुत्र्याला भोकातून बघता. पिसाळलेला कुत्रा भाकर खातो का, सांगा मला. पाणी पितो का?"

"मागचे पाय..."

"मागचे पाय! बघा इकडं."

त्या पाटावरून उठायला लागल्या. आधी डावा हात भिंतीला. मग उजवा हात गुडघ्यावर. अर्ध्यात थांबल्या, तोंड वाकडं केलं, दम घेतला. मग वर आल्या. पहिली दोन पावलं बदकासारखी टाकली. ओट्याच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत येताना नीट चालत आल्या.

"मी सकाळची अशीच उठते. हा पण असाच. थंडी पडली का जास्त. उठताना कुथतो, दोन पावलं लंगडतो, रस्त्यापर्यंत गेला का सरळ चालतो. पावसाळ्यापासून ओट्यावर चढत नाय, खालीच पडतो. आधी एका उडीत चढायचा. तुमी त्याला नऊ दिस फरशीवर बांधला. मला बांधली असती तर मी तरी उठले असते का?"

मी बॅग खाली ठेवली.

"नि चावला तो चावला. मी पण सकाळची सुनेवर ओरडते. मला कोणी साखळी नाय घातली."

आतून सून हसली आणि लगेच खोकली.

मला आजवर बऱ्याच लोकांनी शिकवलं. पण पाच मिनिटांत, प्रात्यक्षिकासह, एवढं नीट कुणी शिकवलं नव्हतं. वयस्कर कुत्र्याच्या सांधेदुखीबद्दल पुस्तकात जेवढं लिहिलेलं असतं, ते सगळं त्यांनी सांगितलं होतं. बसून उठताना आखडणं, चाललं की मोकळं होणं, थंडीत वाढणं, उडी मारायचं बंद होणं, दुखऱ्या जागी हात लागला की चिडणं. यातलं निम्मं त्यांनी पहिल्या दिवशीच सांगायला घेतलं होतं आणि मी त्याखाली रेघ ओढली होती.

"मी बघतो त्याला," मी म्हणालो. "तुम्ही डोकं धराल?"

"मीच धरणार. तुमाला धरू देईल का तो?"

मी गोठ्यात शिरलो. हात खिशात गेले होते, ते बाहेर काढावे लागले. यमुनाबाईंनी पट्टीनं फौजदाराचं तोंड बांधलं, अगदी बाळाच्या कानटोपीची नाडी बांधावी तसं. तो त्यांच्या मांडीवर डोकं टाकून पडला. आधी जबडा बघितला. घट्ट. लाळ नाही. डोळे स्वच्छ. माझ्याकडे बघत होते, एवढीच तक्रार.

मग एक साधी परीक्षा केली. मागचा पंजा उचलून उलटा टेकवला, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला. नसा गेल्या असतील तर कुत्र्याला ते कळत नाही, पंजा तसाच उलटा राहतो. फौजदारानं तो लगेच सुलटा केला. दुसरा पाय. तोही लगेच. लकवा नव्हता. नऊ दिवसांत ही परीक्षा कधीही करता आली असती. लागतं अर्धं मिनिट आणि एक हात.

मग मांड्या चाचपल्या. पोटाकडून कुत्रा गलेलठ्ठ होता, पण मांड्यांवर मांस नव्हतं. पाय कमी वापरला की मांस झडतं, आणि ते नऊ दिवसांत एवढं झडत नाही, त्याला महिने लागतात. नखं लांब वाढलेली, म्हणजे चालणं कमी झालेलं. शेवटी मी उजवा पाय हळूहळू मागे ताणला. खुब्याच्या सांध्यात बोटांना खरखर लागली, जात्यात वाळू गेल्यासारखी. आणि फौजदार ओरडला. बांधलेल्या तोंडातून जेवढं ओरडता येईल तेवढं.

मी पाय सोडला. यमुनाबाई त्याच्या कानाशी म्हणत होत्या, "झाला रे, झाला. कळला त्यांना."

भोईरांनी थाप मारली होती ती नेमकी याच खुब्यावर.

बाहेर येऊन मी सांगितलं, "रेबीज नाही. सांधेदुखी आहे."

बाळारामदादा म्हणाले, "कुत्र्याला सांधेदुखी? मग चष्मा पण द्या त्याला."

सगळे हसले. मीही हसलो, कारण त्या दिवशी माझ्यावर हसण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. मग मी म्हणालो, "दादा, दहा दिवस पूर्ण होईपर्यंत तो अंगणाबाहेर येणार नाही. त्यानंतर काही झालं तर जबाबदारी माझी." हे वाक्य बोलताना आवाज जरा चिरकला, पण बोललो. हरीभाऊंनी बर्फाचा डबा उघडला आणि सगळा बर्फ आंब्याच्या बुंध्याशी ओतून टाकला. मी काही सांगायची वाट त्यांनी बघितली नाही.

आता उपचार. आणि इथं पुढची नाचक्की. कुत्र्याला दुखण्यावरची गोळी किती द्यायची, ते मला माहीत नव्हतं. बैलाचा डोस पाठ होता. मी मुंबईत प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या एका मित्राला फोन केला. तो दिवसभर कुत्रीच बघायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पोटभर हसला, गोळी सांगितली, वजनाप्रमाणे डोस सांगितला आणि म्हणाला, "रिकाम्या पोटी देऊ नकोस. आणि माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत. कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, शी काळी होते, जीवही जातो. मालकांना बजावून सांग."

मी बजावून सांगितलं. यमुनाबाई पदराशी चाळा करायला लागल्या.

"दिली का काय, मावशी?"

"अर्धीच दिली होती. दिवाळीत. दोनदा. माझ्या गुडघ्याची."

"बरं वाटलं त्याला?"

"ओकला."

मी म्हणालो, ओकला म्हणून वाचला. त्या म्हणाल्या, आता माझी एक पण देणार नाय. मला जरा बरं वाटलं. तोपर्यंत त्या प्रकरणात सगळ्या चुका एकट्या माझ्याच होत्या.

साखळी काढली. भाताचा पेंढा भरून गोणपाटाची जाड गादी केली आणि ती चुलीमागच्या उबदार कोपऱ्यात टाकली. सकाळी उठायच्या आधी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं खुबे शेकायचे. दहा दिवस पुरे झाले की सकाळ-संध्याकाळ थोडंसं चालवायचं, रस्त्यापर्यंत आणि परत. पळवायचं नाही, पण पाडूनही ठेवायचं नाही. ओट्याला दोन फळ्या टेकवून उतार केला. आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं की त्याला हात लावायचा तर आधी समोर या, हाक मारा, मग मानेला लावा. मागून नाही.

सगळ्यात अवघड भाग वजनाचा होता. दुखऱ्या सांध्यांवर जेवढा भार जास्त तेवढं दुखणं जास्त. मी विचारलं, "खायला काय देता?"

"काय नाय. सकाळची भाकर, संध्याकाळचा भात."

"मग एवढा जाडा कसा?"

यमुनाबाईंनाही ते कोडं होतं. उलगडा हरीभाऊंनी केला. घाटाकडे जाणारे ट्रक थांबायचे ते हॉटेल तिथून दोनशे पावलांवर होतं. फौजदार रोज दुपारी तिथं हजेरी लावायचा आणि ड्रायव्हर लोक त्याला वडे, भजी, पाव घालायचे. हॉटेलवाला म्हणाला, "दिवसाला सात-आठ वडे आरामात. फौजदाराला नाय कोण बोलणार?" मी त्याला हात जोडून सांगितलं की आजपासून बंद. तो म्हणाला, "ड्रायव्हरांना मी सांगतो. पण कुत्र्याला तुमी सांगा."

दहा दिवस पुरे झाले. फौजदार जिवंत होता, खात होता, पाणी पीत होता. मी स्वतः भोईरांच्या घरी गेलो. त्यांची दहा इंजेक्शनं झाली होती. पोटावर लाल गाठी उठल्या होत्या, त्या त्यांनी मला शर्ट वर करून दाखवल्या, एकेक करून. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुढची थांबवली. मी भोईरांना सगळं खरं सांगितलं. कुत्र्याला काय झालं होतं ते, आणि ते मला नवव्या दिवशी कळलं तेही.

त्यांनी शर्ट खाली केला. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी कळला असता तर माझी दहा वाचली असती का?"

"नाही. इंजेक्शनं तरी घ्यावीच लागली असती. चावला म्हणजे धोका पत्करायचा नसतो."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. "माझा काय नुकसान नाय केला तुमी. त्याचा केला."

गोळ्या सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी फौजदार एका दमात उठला. तीन आठवड्यांनी हॉटेलपर्यंत चालत गेला. वडे मिळाले नाहीत, तेव्हा ड्रायव्हरांवर भुंकून परत आला. शिमग्याच्या सुमारास वजन चांगलं उतरलं होतं. पूर्ण बरा तो झाला नाही. झिजलेला सांधा नवा होत नाही. थंडीत पुन्हा आखडायचा, मग पुन्हा काही दिवस गोळ्या, पुन्हा शेक. पण गुरगुरणं थांबलं. भोईर समोरून येऊन "साहेब, टपाल" म्हणायचे आणि तो शेपटी हलवायचा. पुढे दोन-अडीच वर्षं तो यमुनाबाईंबरोबर सकाळी शेताच्या बांधापर्यंत जायचा. दोघांची चाल एकसारखी होती, हे वाडीतला कुणीही सांगायचा. एका श्रावणात चुलीमागं झोपेतच गेला.

वरिष्ठांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला होता. ऑर्डर असताना निकाल का लावला नाही, म्हणून. मी दोन पानं खुलासा लिहिला. त्यावर त्यांनी एकच ओळ लिहून परत पाठवला : निदानास नऊ दिवस का लागले? त्याचं उत्तर मी दिलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनाही कधीतरी एखादं पॉमेरेनियन भेटलं असावं.

इथं ही गोष्ट संपवली असती तर मी शहाणा झालो असं तुम्हाला वाटलं असतं. म्हणून पुढचं सांगतो.

२००३ च्या सुमारास माझी बदली शहापूरकडे झाली. तोपर्यंत मी या विषयातला जाणकार झालो होतो, निदान माझ्या मते. कुत्रा दिसला की हात खिशात न जाता सरळ खुब्याकडे जायचा. एके दिवशी भातसानगरच्या वसाहतीतून धरणावरचे एक इंजिनिअर त्यांची म्हातारी अल्सेशियन कुत्री घेऊन आले. मागचा पाय टेकत नव्हती.

मी त्यांना खुर्ची दिली. कुत्रीचे खुबे चाचपले, मांड्या बघितल्या, पाय ताणला. मग वयस्कर कुत्र्यांची सांधेदुखी या विषयावर वीस मिनिटं बोललो. झिजणारी कूर्चा, वजन, थंडी, गादी, ओट्याचा उतार. ते वहीत लिहून घेत होते. गोळ्यांची चिठ्ठी लिहायला मी पेन काढलं.

त्या दवाखान्यात चंद्राबाई म्हणून आमच्या परिचर होत्या. फरशी पुसायला आल्या होत्या. कुत्री वाटेत उभी होती, म्हणून त्यांनी तिचा तो पाय उचलून बाजूला केला, आणि करताना पंजा बघितला.

"साहेब, काटा हाय," त्या म्हणाल्या. "बाभळीचा."

त्यांनी नखांनीच उपसून काढला. चांगला इंचभर होता. कुत्रीनं पंजा दोनदा चाटला, चारही पाय टेकले आणि दारातून बाहेर पळाली.

इंजिनिअरसाहेबांनी वही मिटली. "मग गोळ्या?"

"राहू द्या," मी म्हणालो.

तेव्हापासून लंगडणारा कुत्रा आला की मी आधी पंजा बघतो. सांधे त्यानंतर.